ड जीवनसत्त्व आणि संसर्ग : जनुकांची साक्ष काय सांगते?

(सभासद शिक्षण – आरोग्यविषयक अभ्यासलेख)



सन २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने खेडोपाडी जो धुमाकूळ घातला, तो कोणीही विसरलेले नाही. त्या काळात घराघरांत सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, झिंकच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आल्या. साथ ओसरली, पण पुड्यांची सवय पुष्कळ घरांत तशीच राहिली. "डी कमी असलं की रोग लवकर धरतो, घेत राहा," असे आज कोणीही कोणालाही सांगतो. तपासणीला पैसे जातात, पुड्यांना जातात. शिवाय पुडी घेतली म्हणजे आता आपल्याला काही होत नाही, या भरवशावर खरी काळजी घ्यायची राहून जाते, ते नुकसान वेगळेच.

तेव्हा प्रश्न सरळ आहे. रक्तातले ड जीवनसत्त्व वाढवले तर संसर्गाचा धोका खरोखर कमी होतो का? या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी शास्त्रज्ञांनी माणसाच्या जनुकांनाच साक्षीला बोलावले. ती रीत कशी आहे, तिने काय सांगितले आणि तिचा भरवसा कुठवर धरावा, हे या लेखात क्रमाने पाहू. ऊस पिकवणाऱ्याला ही रीत समजायला अवघड नाही. कारण तिची मुळे शेतातच आहेत.

१. ड जीवनसत्त्वाची वाट

इतर जीवनसत्त्वे आपण खाण्यातून मिळवतो. ड जीवनसत्त्वाचे तसे नाही. त्याचा मोठा वाटा उन्हामुळे आपल्या कातडीतच तयार होतो. कातडीतील एका स्निग्ध द्रव्यावर उन्हातील अतिनील किरण पडले की त्याचे ड जीवनसत्त्व बनते. ते रक्तातून यकृतात जाते. तेथे त्याचे पहिले रूपांतर होते, आणि रक्ततपासणीत मोजतात ते हेच रूप. पुढे मूत्रपिंडात त्याचे दुसरे रूपांतर होऊन ते कामाला लागते.

त्याचे मुख्य काम अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषून घेण्यास मदत करणे. ते फार कमी पडले तर लहान मुलांना मुडदूस होतो, हाडे वाकतात. मोठ्या माणसांची हाडे मऊ आणि दुखरी होतात. याबद्दल कोणताही वाद नाही. रोगजंतूंशी लढणाऱ्या काही पेशी ड जीवनसत्त्वाचा उपयोग करतात, हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून "जास्त ड म्हणजे कमी संसर्ग" ही कल्पना निराधार नव्हती. पण कल्पना पटण्याजोगी असणे वेगळे आणि खरी ठरणे वेगळे.

२. जोडी दिसली, पण कारण सापडले का?

साथीच्या काळात अनेक देशांतील डॉक्टरांना असे दिसले की, ज्यांच्या रक्तात ड कमी आहे त्यांना आजार जड जातो. मग ड कमी असल्यामुळेच आजार जड गेला, असे म्हणावे काय? थोडे थांबावे. आपल्याच शिवारातले उदाहरण घेऊ.

समजा, एका विक्रेत्याने नवे टॉनिक आणले. ज्यांनी ते वापरले त्यांना एकरी ७० टन ऊस निघाला. ज्यांनी वापरले नाही त्यांना ४० टन निघाला. विक्रेता म्हणणार, "बघा, ३० टन वाढ!" आपण विचारणार, "वापरणारे कोण होते?" चौकशी केली तर कळते की, वापरणाऱ्यांची जमीन मळईची, पाणी स्वतःच्या विहिरीचे, लागण आडसाली. न वापरणारे कालव्याच्या टेलचे, लागण सुरूची, नाहीतर खोडवा. मग ३० टन टॉनिकचे, की जमीन, पाणी आणि हंगामाचे? टॉनिकचा वाटा यात शून्यसुद्धा असू शकेल.

रक्तातल्या ड जीवनसत्त्वाचेही असेच आहे. ते कोणाचे कमी असते? वयस्क माणसाचे, स्थूल माणसाचे, घराबाहेर न पडणाऱ्याचे, दीर्घ आजारी माणसाचे. कोरोना कोणाला जड गेला? बहुतांशी यांनाच. दोन्ही गोष्टींच्या मागे तिसरेच कारण उभे असले तर त्या जोडीने दिसणारच.

दुसरी फसगत याहून बारीक आहे. ऊस पिवळा पडला म्हणून शेतकऱ्याने जादा युरिया टाकला. वाटेने जाणारा परका माणूस पाहतो आणि म्हणतो, "ज्या प्लॉटात युरिया जास्त, तिथला ऊस पिवळा. म्हणजे युरियानेच पिवळा पडला." त्याने कारण आणि परिणाम यांची उलटापालट केली. ड जीवनसत्त्वाबाबत हीच शक्यता आहे. अंगात दाह, ताप असताना रक्तातील ड ची पातळी खाली येते. म्हणजे ड कमी म्हणून आजार, की आजार म्हणून ड कमी, हे नुसत्या तपासणीच्या कागदावरून कळत नाही.

अशा जोडीवर विसंबल्याने काय होते, याचा एक दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गाजर, पालेभाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसत होते. त्यांतील बीटा-कॅरोटीन हे द्रव्य संरक्षण देत असावे, असा समज झाला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची कसोशीने चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. भाजी खाणारा माणूस इतर अनेक बाबतींत वेगळा असतो. त्याचे पुण्य गोळीच्या खात्यावर जमा झाले होते.

३. चिठ्ठ्या टाकण्याची रीत

यावर उपाय काय? तो इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात घडला. १९१९ मध्ये तेथे रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. कोणत्या वाफ्याला कोणते खत, हे माणसाने ठरवायचे नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, असा नियम त्यांनी घालून दिला. चिठ्ठीला चांगली जमीन कळत नाही आणि वाईटही कळत नाही. वाफे पुरेसे असले तर जमिनीची प्रत, ओल, उतार हे सारे दोन्हीकडे सारखे वाटले जाते. मग जो फरक उरतो तो खताचा. आपल्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्रावर वाणांच्या चाचण्या होतात, त्यांतही वाफे असेच वाटले जातात.

पुढे डॉक्टरांनी हीच रीत औषधांना लावली. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळणार ते चिठ्ठीने ठरवायचे. ही सर्वांत भरवशाची चाचणी. पण तिला हजारो माणसे लागतात, वर्षे लागतात, खर्च लागतो. साथ दाराशी आलेली असताना इतकी सवड मिळत नाही. अशा वेळी निसर्गाने आधीच टाकून ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचता येतील का, हा विचार पुढे आला.

४. निसर्गाची चिठ्ठी

आपण ऊस लावतो तो बेण्याने. को ८६०३२ ची टिपरी लावली की को ८६०३२ च उगवणार. मुलगी हुबेहूब आईसारखी. पण नवा वाण काढायचा असतो तेव्हा टिपरीचा उपयोग नसतो, तुऱ्यातले बी लागते. को ८६०३२ हा वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निवडला गेला. अशा संकराच्या बियांतून उगवलेली हजारो रोपे एकाच आईबापाची असली तरी एकसारखी दोन सापडत नाहीत. कुणी जाड, कुणी बारीक, कुणात साखर जास्त, कुणी रोगाला बळी पडणारे. आईबापांकडून कोणाच्या वाट्याला काय यावे, हे दैवाने ठरते.

माणसाची मुलेही बेण्याची नव्हेत, तुऱ्याची आहेत. प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आपण मुलाला देतो ती त्यांतली एकच. कोणती, हे नाणेफेकीसारखे ठरते. (उसात प्रती दोनहून पुष्कळ जास्त असतात, म्हणून त्याचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. नाणेफेकीचे तत्त्व मात्र तेच.)

हा वाटपाचा नियम ग्रेगोर मेंडेल या ब्र्नो शहरातील मठवासी धर्मगुरूने वाटाण्याची झाडे मोजून शोधला. ते शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होते, आज चेक प्रजासत्ताकात आहे. फुलांच्या रंगाच्या प्रयोगात संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याला ७०५ झाडे जांभळ्या फुलांची आणि २२४ पांढऱ्या फुलांची मिळाली, म्हणजे जवळजवळ तीनास एक. नाणेफेकीने वाटप होत असेल तरच असे प्रमाण येते. १८६६ मध्ये त्याने हे छापले, पण १९०० सालापर्यंत त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

आता या नियमाचा उपयोग पाहा. समजा, एका जनुकाचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार मिळाला तर रक्तात ड जन्मभर थोडे कमी राहते, दुसरा मिळाला तर थोडे जास्त. हे वाटप आईच्या पोटात येतानाच झालेले असते. तेव्हा मूल श्रीमंत होणार की गरीब, उन्हात राबणार की गादीवर बसणार, हे चिठ्ठीला ठाऊक नसते. आणि पुढे कोणताही आजार झाला तरी ती चिठ्ठी बदलत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही फसगती बऱ्याच अंशी टळतात. तिसरे कारण मध्ये येत नाही आणि उलटापालटही होत नाही.

ही कल्पना नेदरलँड्सचे संशोधक मार्टिन कातान यांनी १९८६ मध्ये एका पत्रातून मांडली. त्यांचा प्रश्न कोलेस्टेरॉल आणि कर्करोग यांच्याबद्दलचा होता. २००३ मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी या रीतीची सविस्तर मांडणी केली. मेंडेलचा नियम आणि फिशरची चिठ्ठी या दोहोंची ती सांगड आहे, म्हणून तिला मेंडेलीय चिठ्ठीवाटप म्हणता येईल.

५. साक्षीदार कोण, आणि भरवशाचा कधी?

कोर्टात साक्षीदाराची तीन बाबतींत पारख होते. त्याला प्रकरणाची माहिती आहे का? तो कोणा पक्षाच्या नात्यातला तर नाही? आणि तो दुसऱ्याच कारणाने निकालावर वजन टाकत नाही ना? जनुकालाही हेच तीन प्रश्न विचारावे लागतात. त्या जनुकामुळे रक्तातील ड खरोखर बदलते का? गरिबी, वय, लठ्ठपणा यांच्याशी त्याचा संबंध तर नाही? आणि ड सोडून दुसऱ्या एखाद्या वाटेने ते संसर्गावर परिणाम करत नाही ना?

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत सुदैवाने चांगले साक्षीदार मिळाले. त्याच्या वाटेवरील चार ठाणी घ्या :

(अ) कातडी – कच्चे द्रव्य किती शिल्लक राहते, यावर परिणाम करणारे डीएचसीआर-७ हे जनुक.

(आ) यकृत – पहिले रूपांतर करणारे सीवायपी २आर१.

(इ) रक्तातील वाहतूक – ड ला वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक, जीसी.

(ई) मोडणी – काम संपलेले ड मोडून टाकणारे सीवायपी २४ए१.

ही चारही जनुके ड च्याच कामावर असल्याचे आधीपासून माहीत होते. याशिवाय लाखो लोकांच्या रक्ताची आणि जनुकांची तपासणी करून आणखी कितीतरी ठिकाणे सापडली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एकेका जनुकाचा परिणाम फार थोडा असतो. शेरात चिमूटभर फरक तोलायचा तर काटा फार नाजूक हवा. तो नाजूकपणा माणसांच्या संख्येने येतो. म्हणून अशा अभ्यासाला शेकड्यांनी चालत नाही, लाखांनी माणसे लागतात.

६. निकाल काय आला?

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला असा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ड ची पातळी ठरवणारी जनुके ४,४३,७३४ लोकांच्या तपासणीतून घेतलेली होती. त्यांतील सुमारे चार लाख ब्रिटनच्या 'यूके बायोबँक' या उपक्रमातील स्वयंसेवक होते. कोरोनाची माहिती ११ देशांतून आली आणि तिच्यात आजार न झालेल्या १२ लाखांहून अधिक लोकांचा समावेश होता.

निकालाचा आकडा कसा वाचायचा ते आधी पाहू. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी येण्यापूर्वी काटा बरोबर शून्यावर असावा लागतो. येथे शून्याऐवजी १ हा मध्य धरावा. आकडा १ आला म्हणजे ड जास्त असो वा कमी, धोका सारखाच. १ हून बराच खाली आला तर जास्त ड मुळे संरक्षण. वर गेला तर उलट. प्रत्येक मोजणीत थोडी थरथर असते, म्हणून एका आकड्याबरोबर त्याची मर्यादाही देतात. त्या मर्यादेच्या आत १ येत असेल तर काटा कोणत्याच बाजूला नक्की कललेला नाही, असे समजावे.

– कोरोनाची लागण होण्याचा धोका : ०.९५ (मर्यादा ०.८४ ते १.०८)

– रुग्णालयात दाखल होण्याचा धोका : १.०९ (मर्यादा ०.८९ ते १.३३)

– आजार गंभीर होण्याचा धोका : ०.९७ (मर्यादा ०.७७ ते १.२२)

तिन्ही ठिकाणी १ हा आकडा मर्यादेच्या आत आहे. म्हणजे जन्मतः ड थोडे जास्त मिळालेल्यांना कोरोनापासून काही संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही.

कोणी म्हणेल, "काटाच बिघडला असेल. तो कधी हलतच नसेल." रास्त शंका आहे. पण हाच काटा दुसऱ्या आजारात हलला आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस नावाचा एक आजार आहे. त्यात मेंदू आणि मज्जारज्जू यांतील नसांवरचे आवरण खराब होते. २०१५ मध्ये याच रीतीने केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या जनुकांनी ड बरेच कमी ठेवले त्यांना या आजाराचा धोका सुमारे दुप्पट दिसला. तेच जीवनसत्त्व, तीच रीत, पण तिथे काटा स्पष्ट कलला. म्हणून कोरोनाबाबत तो स्थिर राहिला याला अर्थ आहे.

७. खरीखुरी चिठ्ठी काय म्हणाली?

जनुकांची साक्ष झाल्यावर प्रत्यक्ष चाचण्यांचे निकालही आले. दोन्ही मेळ खातात का, ते पाहू.

ब्रिटनमध्ये ६,२०० प्रौढांवर चाचणी झाली. निम्म्यांना काहीच दिले नाही. उरलेल्यांची तपासणी करून, ज्यांचे ड कमी निघाले त्यांना सहा महिने रोज ३,२०० किंवा ८०० युनिट दिले. श्वसनमार्गाचा संसर्ग किती जणांना झाला? काही न दिलेल्यांत १०० पैकी ४.६, कमी मात्रेच्या गटात ५.०, जास्त मात्रेच्या गटात ५.७. फायदा दिसला नाही. नॉर्वेत ३४ हजारांहून अधिक लोकांवर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची चाचणी झाली. त्यात ड असते. तेथेही कोरोना कमी झाला नाही. हे दोन्ही निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आपल्याला अधिक जवळचा आजार घेऊ, क्षयरोग. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला १४,००० युनिट ड किंवा तशीच दिसणारी कोरी गोळी दिली. या मुलांपैकी १०० तील ९५ जणांचे ड मुळातच कमी होते. ड घेणाऱ्यांची रक्तातील पातळी चांगली वाढली. तरीही क्षयाच्या जंतूची लागण ड घेणाऱ्यांत ३.६ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३.३ टक्के निघाली. हा निकाल २०२० चा. "आमच्याकडे ड फारच कमी असते, म्हणून आम्हाला नक्की गुण येईल," असे म्हणणाऱ्याने या चाचणीचा विचार करावा.

तोल राखण्यासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१७ मध्ये २५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सर्दी-खोकल्यासारख्या श्वसनसंसर्गात ड चा थोडा फायदा दिसला होता, विशेषतः ज्यांचे ड फार कमी होते आणि ज्यांनी ते रोज किंवा दर आठवड्याला थोडे थोडे घेतले त्यांच्यात. पण नंतर मोठ्या चाचण्यांची भर पडत गेली तसा तो फायदा आणखी लहान होत गेला.

८. साक्षीच्या मर्यादा

साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच तो सांगतो.

पहिली गोष्ट, या जनुक-अभ्यासातील ड ची माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपली कातडी, ऊन, आहार वेगळा. नियम तोच असावा असे वाटले तरी आपल्या लोकांवर स्वतंत्र मोजणी झाली पाहिजे.

दुसरी, जनुकाने पडणारा फरक लहान असतो. ड अगदी तळाला गेलेल्या माणसाचे काय, याचे उत्तर त्यातून नीट मिळत नाही. हे त्या अभ्यासाच्या संशोधकांनीही नमूद केले आहे.

तिसरी, जनुकाचा परिणाम जन्मभराचा असतो. आजारी पडल्यावर दिलेल्या मोठ्या मात्रेबद्दल तो काही सांगत नाही. त्यासाठी रुग्णालयातलीच चाचणी लागते. ब्राझीलमध्ये कोरोनाच्या २४० रुग्णांना एकदम २ लाख युनिट ड किंवा कोरे औषध देऊन पाहिले. रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही, असे २०२१ मध्ये दिसून आले.

चौथी, एखादे जनुक दुसरेही काम गुपचूप करत असेल तर साक्ष बिघडते. म्हणून संशोधक अनेक जनुके घेतात आणि सर्वांची साक्ष जुळते का ते ताडून पाहतात.

९. मग घरात काय करावे?

या लेखाचा अर्थ "ड जीवनसत्त्व निरुपयोगी आहे" असा कोणी काढू नये. हाडांसाठी ते लागतेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज ६०० युनिटची शिफारस केली आहे. यास्तव सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) डॉक्टरांनी हाडांसाठी, गरोदरपणात, तान्ह्या बाळासाठी किंवा वृद्धांसाठी ड लिहून दिले असेल तर ते बंद करू नये. त्यांनी सांगितलेली मुदत मात्र पाळावी.

(२) ६०,००० युनिटची पुडी ही रोज घ्यायची वस्तू नव्हे. डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठराविक आठवड्यांपुरती देतात. मनाने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. उलट्या, तहान, बद्धकोष्ठ होते आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते. जादा युरियाने ऊस लोळतो, तसेच हे आहे.

(३) संसर्ग टाळण्यासाठी म्हणून पुडीवर विसंबू नये. लस वेळेवर घ्यावी, हात धुवावेत, घरात हवा खेळती ठेवावी.

(४) दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि क्षयाचे औषध तेथे मोफत मिळते. तोडणी कामगारांच्या कोपीवर असा कोणी असेल तर त्यालाही सांगावे. शेजारधर्म तर आहेच, आणि एका कोपीतला क्षय दहा घरांत जाऊ शकतो.

(५) खर्च करायचाच तर पोटभर सकस अन्नावर करावा. याला चाचणीचा आधार आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर चाचणी झाली. चिठ्ठीने निवडलेल्या भागांत त्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या असा शिधा दिला. या घरांत क्षयाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०२३ चा आहे. एकट्या ड च्या गोळीने मंगोलियात जे साधले नाही, ते भरल्या ताटाने झारखंडात बरेचसे साधले.

१०. उजळणीसाठी तीन प्रश्न

*प्रश्न १ : ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांची मुले कमी आजारी पडतात, असे दिसले. ट्रॅक्टरमुळे आरोग्य सुधारते काय?*

उत्तर : तसे म्हणता येत नाही. ऐपत हे तिसरे कारण दोन्हींच्या मागे आहे.

*प्रश्न २ : जनुकाच्या साक्षीत कारण आणि परिणामाची उलटापालट का होत नाही?*

उत्तर : जनुकांचे वाटप जन्माआधी होते. पुढे झालेला आजार ते बदलू शकत नाही.

*प्रश्न ३ : कोणी नवे टॉनिक घेऊन आला आणि "वापरणाऱ्यांना गुण आला" असे म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचारावा?*

उत्तर : वापरायचे कोणी आणि वापरायचे नाही कोणी, हे कसे ठरवले? चिठ्ठीने, की ज्याच्या त्याच्या मर्जीने?

हा तिसरा प्रश्न उसाच्या टॉनिकला लागू आहे आणि माणसाच्या टॉनिकलाही. तो विचारण्याची सवय घराघरांत लागली, तर दर हंगामाला आपले बरेच पैसे वाचतील, आणि आजारपणात गेलेला मोलाचा वेळही वाचेल.